आपोआप मेलेलं हरीण

"शाल जरा मोठी आणा, हं. मागच्या वर्षी बुवांना दिली ती शाल होती की रुमाल, हे त्यांनाच विचारावं लागेल," सतीश दाते म्हणाले आणि मंडळाच्या हॉलमध्ये हशा पिकला.

दत्तजयंतीच्या कीर्तनाचं ठरवायला आठ-दहा जण जमले होते. चारुदत्त पाध्ये एका बाजूला पेटी पुढ्यात घेऊन तिच्या भात्याची भेग चिकटपट्टीने बुजवत होते. लखनौत येऊन त्यांना एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत एकाही कीर्तनाला त्यांची पेटी चुकली नव्हती. मानक नगरच्या ऑफिसात ते दिवसभर रेल्वेच्या डब्यांची ड्रॉइंगं तपासत. पण माणूस खरा उजळायचा तो बुवांनी 'जय जय रामकृष्ण हरी' म्हणून झांज उचलली की.

"पापा, ये सुनो," सतीशरावांची कॉलेजातली मुलगी अबोली मोबाइलवर वाचत होती. "कैसरबाग बस अड्डे पर चीतल की खाल के साथ एक गिरफ़्तार. बोरे में चावल के नीचे छिपाई थी. नाम रामसजीवन, उम्र चौवन साल."

चिकटपट्टी चारुदत्तांच्या बोटांत स्वतःलाच चिकटून बसली.

"उलटं टांगलं पाहिजे असल्यांना," सतीशराव म्हणाले. हवाई दलात होते ते, त्यांच्याकडे सगळ्याला दोन मिनिटांत उत्तर. "आपल्याकडे होतं काय? जामीन, तारीख, परत तारीख. जास्तीत जास्त तीन वर्षं, तीही कागदावर. दहा करा दहा! दुसऱ्या दिवशी बंदुका विहिरीत टाकतील."

"पकडला जातो तो पोतं उचलणारा हो," विनीताताई हळदीकुंकवाच्या पुड्या बांधता बांधता म्हणाल्या. "ते कातडं ज्याच्या घरी जायचं असतं, त्याचं नाव कधी छापून आलंय?"

"तुम्ही सांगा, पाध्ये," सतीशराव म्हणाले. "तुम्ही आमच्यातले देवमाणूस."

सगळ्यांनी चारुदत्तांकडे पाहिलं. त्यांनी पट्टी सोडवण्याचा प्रयत्न केला, ती फाटली.

"कडक पाहिजे," ते म्हणाले. "शिक्षा कडकच पाहिजे."

"बघा! आणि हो, बुवांना आसन द्यायचं तुम्ही कबूल केलंय, ते विसरू नका."

"नाही विसरलो," चारुदत्त म्हणाले.

आता सांगायचं ते असं, की ते आसन तांदळाखाली होतं.

रामसजीवन हा त्यांच्या सेक्शनमध्ये ठेकेदाराकडून आलेला माणूस. चहा आणायचा, फायली न्यायचा. त्याचं गाव नानपाऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. दोन वर्षांपूर्वी चारुदत्तांच्या वडिलांचं मृगाजिन कसर लागून संपलं. सांगलीहून आणलेलं जुनं आसन; केस झडले, कातडं पापडासारखं मोडायला लागलं. वडिलांनी त्यावर बसून पारायणं केली, त्यांनी केली. नुसत्या लोकरीच्या धाबळीवर बसून पोथी उघडायची तर आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून बसलोय असं वाटायला लागलं. एकदा चहा घेताना ते रामसजीवनला सहज बोलून गेले.

"हिरन की खाल? हमारे उधर तो मिल जाती है, साहब."

"मारा हुआ नहीं चाहिए," चारुदत्त घाईने म्हणाले होते. "शास्त्र में लिखा है, जो अपने आप मरा हो. बस वही."

"हाँ हाँ, अपने आप मरा हुआ," रामसजीवन म्हणाला.

तीन आठवड्यांत कातडं आलं. तांबूस, पांढऱ्या ठिपक्यांचं, हात फिरवला की केस एका दिशेने झोपणारं. चारुदत्तांनी त्याला ऊन दाखवलं, गंगाजल शिंपडलं आणि पारायणाला बसले. त्यांच्या पत्नी, विनयावहिनी, म्हणाल्या होत्या, "आपोआप मेलेलं हरीण इतक्या लवकर कसं सापडलं हो?" त्यावर ते म्हणाले, "दत्तमहाराजांची इच्छा."

पाचव्या दिवशी जप करता करता डावा हात आसनावर टेकला, तेव्हा बोटाला केसांखाली एक गाठ लागली. त्यांनी कातडं उलटं केलं. खांद्याच्या जागी हरभऱ्याएवढं भोक होतं आणि ते तपकिरी दोऱ्याने इतकं नाजूक रफू केलं होतं, की वरून कुणाला कळू नये. चारुदत्तांनी अंगठा त्या जागी ठेवून पाहिला. मग त्यांनी आसन सरळ केलं, रफूची बाजू पाठीमागे येईल असं फिरवलं आणि राहिलेला अध्याय वाचला.

हे झालं पहिल्या आसनाचं. त्यावर वर्ष गेलं. मागच्या दत्तजयंतीला हृषीकेशबुवा इतकं सुरेख गायले, की चारुदत्तांच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्या भरात सगळ्यांदेखत ते म्हणाले, "बुवा, पुढच्या वर्षी तुमच्यासाठी चांगलं आसन आणीन." लोकांना वाटलं दर्भाचं, लोकरीचं. यंदा दिवाळीआधी त्यांनी रामसजीवनला सांगितलं. या खेपेला शास्त्रातलं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. रामसजीवननेच म्हटलं, "अपने आप मरा हुआ, साहब," आणि हसला. तेही हसले.

ते हसणं आता त्यांना जेवताना आठवायचं.

"त्याने तुमचं नाव घेतलंय का?" विनयावहिनींनी बातमी कळली त्या रात्री पहिला प्रश्न हाच विचारला.

"नाही."

"तुमच्या रिटायरमेंटला पाच महिने राहिलेत." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "मी काही तुम्हाला गप्प बसा म्हणत नाहीये. मला कळत नाहीये, एवढंच."

घरातलं पहिलं कातडं चारुदत्तांनी घडी करून, वडिलांच्या सोवळ्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. आता ते फरशीवर बसून पोथी वाचू लागले. वहिनींनी धाबळी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

निकाल लागला तो नेमका दत्तजयंतीच्या दिवशी. चारुदत्तांनी अर्धी रजा टाकली. बोलायचं ठरवून गेले होते. कोटाच्या खिशात हिंदीत लिहिलेला कागदही होता. कोर्टाच्या आवारात धुकं अजून विरलं नव्हतं. व्हरांड्यात शिपायाने रामसजीवनला बसवलं होतं, हातात बेडी. शेजारी त्याची बायको सुखदेई डबा घेऊन उकिडवी बसली होती.

चारुदत्तांना बघून रामसजीवन उठायला लागला. शिपायाने दोरी ओढली.

"अरे साहब! आप काहे आए? ऑफिस नहीं है आज?"

"मैं जज साहब को बता दूँगा, रामसजीवन. मैंने मँगवाई थी. लिखकर लाया हूँ."

रामसजीवनचा चेहरा उजळला नाही, उलट घाबरला. तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "ऐसा न करिए. वो पूछेंगे, पहले भी लाया था? आप झूठ बोल पाएँगे? नहीं बोल पाएँगे. तब एक हिरन का दो हो जाएगा. वकील कह रहा है, क़बूल कर लो, चीतल है, कम में छूट जाओगे. आप बस चुप रहिए."

चारुदत्तांनी खिशातला हात बाहेर काढला. तो रिकामा होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी तरी उचलून घेतल्यासारखं बरं वाटलं, आणि उचलणाऱ्याच्या हातात बेडी होती.

"साहब," सुखदेई पहिल्यांदाच बोलली. तिने डोक्यावरचा पदर सावरला. "वो आसन ठीक है न? टाँका चुभता तो नहीं? हमने महीन ही लगाया था. ये बोले, साहब पूजा में बैठेंगे."

चारुदत्तांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे तिलाही कळलं नसेल.

आत सगळं दहा मिनिटांत आटोपलं. "किसके लिए लाए थे?" असं विचारलं, तेव्हा रामसजीवनने मागे पाहिलंच नाही. म्हणाला, "बेचने के लिए, हुज़ूर. लालच आ गया था." सहा महिने आणि दंड. वकील बाहेर येऊन खुशीत म्हणाला, "सस्ते में निपट गया." सुखदेईने डबा परत पिशवीत घातला. शिपायाने तो आत नेऊ दिला नव्हता.

संध्याकाळी सहाला हॉल भरला. सुंठवडा वाटून झाला. चारुदत्तांनी पेटीवर सूर धरला. हृषीकेशबुवा तरुण, आवाज मात्र जुन्या पितळी घंटेसारखा. पूर्वरंगाला त्यांनी दत्तमहाराजांचे चोवीस गुरू घेतले. पृथ्वी झाली, वारा झाला, कबुतर झालं, आणि बुवा हरणावर आले.

"बघा, श्रोतेहो! दत्तप्रभूंचा एक गुरू हरीण आहे. ते काय शिकवतं? तर शिकारी गाणं गातो, हरीण त्या सुराला भुलतं, कान टवकारून उभं राहतं आणि तिथंच मरतं. म्हणून गाणं कुठलं ऐकायचं ते जपून ऐका!" झांज वाजली. बुवा हसले, खालच्या पट्टीत आले. "पण माझ्या आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, आजोबा, शिकाऱ्याला काय ते हरीण खायचं होतं? ते म्हणाले, अरे, गाणारा वेगळा आणि गायला पाठवणारा वेगळा. पाठवणारा घरी बसलेला असतो. त्याच्या हाताला रक्त नसतं, म्हणून तो हात धूतही नाही."

लोक माना डोलवत होते. चारुदत्तांची बोटं सवयीने चालत होती. गुरूच्या कातड्यावर बसून आपण गुरूचं नाव घेतलं, हे एवढं सरळ त्यांना दोन वर्षांत सुचलं नव्हतं. चोवीस गुरू तर त्यांना तोंडपाठ होते.

आख्यान संपलं. बुवांना नारळ दिला, शाल दिली. शाल खरंच मोठी होती. सतीशराव माइकवर म्हणाले, "आणि आता आपले पाध्ये! गेल्या वर्षी बुवांना आसन कबूल केलं होतं. काढा बाहेर, चारुदत्तराव! कुठं लपवलंय?"

टाळ्या पडल्या. चारुदत्त उठले नाहीत. पेटीमागे बसूनच त्यांनी हात जोडले.

"ते आसन कैसरबागला जप्त झालं," ते म्हणाले.

माइक त्यांच्यापासून लांब होता. पुढच्या चार रांगांनाच ऐकू आलं. मागून कुणी तरी विचारलं, "क्या बोले?"

मग ते उठले. सतीशरावांच्या हातातला माइक घेतला. "महिन्यापूर्वी बस अड्ड्यावर एक माणूस कातड्यासकट सापडला, ते कातडं मी मागवलं होतं. बुवांसाठी. त्याला आज सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याने माझं नाव सांगितलं नाही. इथंच बसून मी म्हणालो होतो, शिक्षा कडक पाहिजे. ते... ते तेवढं तुम्हाला माहीत असावं."

अबोली आईच्या कानाशी लागून विचारत होती, "अच्छा, ये वही वाला केस?" सतीशराव माइक परत घ्यायला हात पुढे करून तसेच राहिले. शेवटी म्हणाले, "अहो, तुम्हाला काय माहीत, ते मारलेलं होतं म्हणून!"

"माहीत होतं," चारुदत्त म्हणाले.

भात्यात राहिलेला वारा सुटून पेटीचा एक सूर आपोआप उमटला आणि विरला. हृषीकेशबुवांनी अंगावरची शाल काढून घडी केली. ते काही रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. "आरती राहिलीये, काका," एवढंच म्हणाले. "पेटी धरा."

आरतीला नेहमीसारखा जोर आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातला तो कागद वनखात्याच्या कार्यालयात दिला. त्यात जप्त झालेल्या कातड्याबद्दलच लिहिलं होतं; ट्रंकेतल्याबद्दल लिहिता आलं नाही. ते लिहायचं तर रामसजीवनला विचारून लिहायचं होतं. टेबलामागच्या माणसाने कागद दोनदा वाचला, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "फ़ैसला तो हो गया, बाबूजी. ज़रूरत पड़ी तो बुलाएँगे." अजून बोलावलेलं नाही.

पुढच्या रविवारी ते गोसाईगंजच्या जेलमध्ये भेटीला गेले. सुखदेई गावाहून यायची होती, बस उशिरा होती. थंडीत रांग हळूहळू सरकत होती. खिडकीमागच्या शिपायाने आधार कार्ड घेतलं.

"क़ैदी का नाम?"

"रामसजीवन."

"आपका रिश्ता?"

चारुदत्त थांबले. मागचा माणूस म्हणाला, "बोलिए चाचा, लाइन लंबी है."

"उसने जो किया, मेरे लिए किया था," ते म्हणाले. "वो लिख दीजिए."

"ऐसा कोई ख़ाना नहीं है इसमें." शिपायाने कंटाळून पेन आपटलं. "परिचित लिख रहा हूँ. हाथ इधर लाइए."

त्यांनी उजवा हात खिडकीतून आत घातला. शिपायाने मनगटावर निळा शिक्का दाबला. बाहेर काढला तेव्हा शाई ओली होती. पुढचे लोक फुंकर घालून वाळवत होते, कुणी बाहीला पुसत होतं. चारुदत्तांनी बाही वर दुमडली आणि शाई आपोआप वाळेपर्यंत हात तसाच उघडा धरून ते रांगेत उभे राहिले.