वजीदाचा संशय

गर्भाशय काढून तीन आठवडे होत आले आणि वजीदाच्या अंगावरून पिवळसर, घाण वासाचं जायला लागलं. आधी नुसतं गुलाबी पाणी होतं. तेवढं चालायचंच, असं दवाखान्यात सांगितलं होतं. हे मात्र कपडे बदलले तरी लपेना.

आईने लगेच बोट दाखवलं. "तुझी ती नणंद! कच्चं मटण हातात घेऊन थेट तुझ्या खोलीत शिरली. ओल्या अंगाच्या बाईपाशी असं जातात का? कच्च्या मांसाची सावली पडली की जखम चिघळते, ठाऊक नाही तिला? का मुद्दाम केलं?"

"काहीतरीच तुझं," वजीदा म्हणाली, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. नणंद इन्शिराह रोज यायची, अंगात ताकद यावी म्हणून कबुतराचं सूप करायची आणि निघताना जिन्यात भावाशी कुजबुजायची. नवरा रमजीचा दमिएता शहरात फर्निचरचा कारखाना. तो घरी आला की आता पलंगावर टेकत नसे, खिडकी उघडून तिथेच उभा राही. दोघं मिळून दुसरी बायको बघतायत, असं वजीदाच्या मनाने घेतलं. सूप ती गुपचूप मोरीत ओतायला लागली.

एका दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला. इन्शिराहने पांघरूण ओढलं.

"ऊठ वहिनी, दवाखान्यात चल."

"आधी सांग, जिन्यात रोज काय शिजतं तुमचं?"

"तुझ्या वासाचं बोलतो, बाई! तो म्हणतो तू सांग, मी म्हणते बायको तुझी, तू सांग."

वजीदा शरमेने लाल झाली आणि उठली.

ऑपरेशन केलेल्या त्याच डॉक्टरने चिमट्याने आतून काहीतरी ओढून काढलं आणि झटकन त्यावर कागद टाकला. "जंतुसंसर्ग आहे. स्राव साचला होता."

"स्रावाला दोरे असतात का, डॉक्टर?" वजीदाने पडल्या पडल्या विचारलं.

नर्स जमिनीकडे बघायला लागली. इन्शिराहने कागद उचलला. खाली काळपट पडलेली, जाळीदार कापडाची पट्टी होती.

"ऑपरेशनमध्ये रक्त थांबायला ठेवतात," डॉक्टर पुटपुटला. "काढायची राहिली."

"मग मघाशी खोटं का बोललात?" वजीदाने विचारलं.

त्याने दाखल करायचा कागद लिहायला घेतला. वजीदाला दाखल करून घेतलं, इंजेक्शनं झाली. ताप उतरला, वासही गेला. तरी घरी येताच ती इन्शिराहला घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"आत काही नाही," बाई म्हणाल्या.

"पुन्हा एकदा बघा," वजीदा म्हणाली.

बाईंनी पुन्हा बघितलं.