प्रीमाचा हलवा

शाबाननं पहारीवर जोर दिला आणि अंगणातल्या नव्या मोरीच्या आड येणारा मोठा दगड धप्पकन उलटा पडला. खालच्या अंगाला अक्षरं कोरलेली होती.

त्याच्या बायकोच्या, नेकियेच्या, हातात तारल्यांचं टोपलं होतं. लग्न होऊन अल्बानियातल्या या जुन्या बंदरात, दुर्रेसला, आल्यापासून ती याच दगडावर मासे साफ करायची. असा गुळगुळीत दगड अख्ख्या गल्लीत नाही, म्हणून मिरवायचीसुद्धा.

सून ओर्नेला कॉलेजात लॅटिन शिकलेली. तिनं तळहातानंच अक्षरांवरची माती पुसली.

"थडग्याचा दगड आहे, आई. रोमन काळातला. प्रीमा नावाची मुलगी. सहा वर्षांची. आईबापांनी बसवलाय."

"वाचलंस तेवढं पुरे!" शाबान खेकसला. "पलीकडच्या गल्लीत नुसता खांब निघाला, तर पुराणवस्तूवाल्यांनी घराला टाळं ठोकलं. मोरी राहील बाजूला, रस्त्यावर याल सगळे. पालथा घाला तो. संध्याकाळी वर सिमेंट ओततो."

दगड पालथा झाला. नेकियेनंही हात लावला, आणि तेच तिला खाऊ लागलं. कुणाच्या तरी लेकरावर आपण माशांची आतडी काढली, घाण पाणी ओतलं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबणानं कितीदा हात धुतले, तरी वास जाईना.

दुपारी तिनं लोण्यात पीठ भाजायला घेतलं. वास अंगणात गेला तसा शाबान धावत आला.

"मयताचा हलवा? घरात मयत नसताना?"

"आहे की."

त्यानं मागं वळून अंगणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बरं, वाट गल्लीत. पण कुणाचा विचारलं, तर तुझ्या आईच्या नावाचा म्हण. एवढं ऐक माझं."

तिनं मान डोलावली आणि पहिली बशी शेजारच्या झुहराकडे नेली.

"अगं बाई! कोण गेलं?" झुहरानं दारातच विचारलं. "सकाळी तर सगळे धडधाकट होते की गं!"

आपल्या फाटकाशी शाबान सिमेंट कालवत होता. नेकियेनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडची पोर," ती म्हणाली. "प्रीमा. सहा वर्षांची."

झुहरानं घास घेतला, मेलेल्याच्या नावानं दुवा पुटपुटली. मग तिचा हात थांबला.

"तुमच्याकडे कुठली गं पोर? कुठं पुरलीत?"

फाटकाशी फावडं थांबलं.

"चल," नेकिये म्हणाली, "दाखवते."