तुटक रेघेचे दोन अर्थ

मित्रांनो, मी एक जुनी संगणकप्रणाली आहे. मला ना हात, ना आवाज. कागद पडद्याच्या मधोमध ठेवायचा आणि तो वाचणाऱ्या प्रत्येकाला लागलेला अर्थ शेजारी वेगळ्या रंगात जपायचा, एवढेच माझे काम.

मला घडवणाऱ्या बाईंनी एक अट घातली होती. दुसऱ्याचा अर्थ खोडायचा असेल, तर आधी तो आपल्या शब्दांत लिहायचा. त्या दुसऱ्याने ‘हेच म्हणायचंय मला’ ही कळ दाबली, तरच खोडायचे बटण उघडे.

“लोक वैतागतील,” सगळे म्हणाले.

“वैतागू देत,” बाई हसल्या.

मी एका बांधकाम कचेरीत रुजू झाले. तिथे एक अभियंता आणि त्याची धाकटी बहीण शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. ती भूगर्भतज्ज्ञ. एकदा टेकडीच्या उताराचा जुना नकाशा आला. तिथे लहान मुलांची शाळा व्हायची होती. वर्गांच्या जागेतून एक तुटक रेघ जात होती. भावाने निळ्यात लिहिले, ‘पायवाट’. बहिणीने हिरव्यात लिहिले, ‘ओढा’. ओढा असला, तर भिंतींखालची माती वाहून जाणार होती.

“खुणांचा तक्ता बघ. तुटक रेघ म्हणजे पायवाट. पण मी म्हणेन त्याच्या उलट जायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड!”

“आणि तू म्हणशील ती पूर्व दिशा, ही तुझी!”

झाले, अबोला. चहासुद्धा वेगवेगळा. साहेबांना तर लगेच एकच अर्थ हवा होता. भाऊ हिरवा अर्थ खोडायला आला आणि माझी अट आडवी आली. त्याने लिहिले, ‘तिला उगाच भीती वाटते.’ बहिणीने कळ दाबली नाही. तो तणतणत तिच्या टेबलापाशी गेला.

“मग म्हणायचंय तरी काय तुला, बाई?”

“या समान उंचीच्या रेषा बघ ना, दादा. तुझ्या रेघेला छेदताना प्रत्येक रेषा चढाकडे वळलीय. पाण्यानं जमीन कोरल्याशिवाय असं होईल का?”

तो वाकून बघत राहिला. मग त्याने सावकाश लिहिले, ‘ही रेघ घळीच्या तळातून जाते. पावसाळ्यात इथून पाणी वाहत असणार.’ तिने कळ दाबली. खोडायचे बटण उघडले. त्याने ते दाबले नाही.

“पण तुझी वाटही खरी असेल,” ती हळूच म्हणाली. “कोरड्या ओढ्यातूनच लोक ये-जा करत असतील.”

“चल, बघून येऊ. चहा मात्र तू पाजायचास.”

उतारावर गवताखाली पाण्याने गोल झालेले गोटे निघाले. शाळा बाजूच्या उंचवट्यावर उभी राहिली. तेव्हा कचेरीने माझे फार कौतुक केले.

आता तिथे नवी प्रणाली आली आहे. ती क्षणात एकच अर्थ काढून देते. मी जुन्या संगणकात पडून असते. कधीतरी भाऊ मला उघडतो. बहीण आता दूरच्या कचेरीत असते. तिच्या हिरव्या शब्दावर त्याची नजर थांबते, आणि मग तो तिला फोन लावतो.

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण कुणाचे म्हणणे खोडण्याआधी ते आपल्या शब्दांत त्याला एकदा सांगून बघा. तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत हात आवरा.