घराची रीत पाळणारी गुंडी

मला बोट लावल्याशिवाय या घरात कोणी पाऊल टाकत नाही, मित्रांनो! मी एक जुनी दारावरची बेल आहे. माझं बटण दाराबाहेर आणि पेटी आत, शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर. पेटीत दोन पितळी पट्ट्या आणि मधे एक लहानशी दांडी. बटण दाबलं की दांडी एका पट्टीवर आपटते, सोडलं की दुसरीवर. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ही गोड बोलते हं!" ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

हे घर शिंपीदादांचं. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागे वहिनी, आजोबा आणि लेक असा संसार. बोटावरून मी माणूस ओळखते. घाईचं गिऱ्हाईक बटण दाबून धरतं, आणि कपडा बिघडल्याची तक्रार घेऊन आलेला माणूस दाबायच्या आधी एकदा खाकरतो. दादा गळ्यात टेप अडकवून दार उघडत, आणि येणारा प्रत्येकजण माझ्या आवाजाची तारीफ करी.

मग दादांच्या मुलीने, चिमीने, गुंडीला आणलं. गुंडी म्हणजे तपकिरी कुत्री. नाक कोटाच्या गुंडीसारखं काळं, वाटोळं. घर कसं हसतं झालं! माझं आणि तिचं मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी 'टिंग' म्हणायचा अवकाश, ती घर डोक्यावर घेई. एकदा तर तिने गिऱ्हाइकाच्या अंगावर उडी मारून त्याचा नवाकोरा कोट टर्रकन फाडला. गिऱ्हाइकं येईनाशी झाली. दादांनी माझ्या पेटीत चिंध्या कोंबल्या, तर गुंडी पावलांच्या आवाजावर भुंकू लागली. माझी बोलती बंद झाली आणि उपयोग शून्य!

"चिमे, महिनाअखेरपर्यंत बघू," दादा एकदा म्हणाले. "नाही सुधारली, तर मामाकडे मळ्यावर पाठवू."

"बाबा, ती तिकडे रडेल हो."

"आणि इकडे मी रडतोय, त्याचं काय?"

चिमी गुंडीला कवटाळून बसली. मला फार वाईट वाटलं. भांडण असलं म्हणून काय झालं, होती तर आमच्याच दारातली!

शेवटी कुत्र्यांना शिकवणारं कोणीतरी शोधायचं ठरलं आणि माझ्या चिंध्या निघाल्या.

पहिल्या गृहस्थाने बटण दाबलं ते सोडेचना. खिशात साखळी खुळखुळत होती. "आठ दिवस माझ्याकडे ठेवा. सुतासारखी सरळ करून देतो. मधे बघायला मात्र यायचं नाही." गुंडी शेपूट पोटाशी घेऊन शिवणयंत्राखाली शिरली. दादांना तर 'आठ दिवस' ऐकूनच हायसं वाटलं होतं. ते हो म्हणणार, एवढ्यात आजोबा बोलले, "अरे, साधं कापड घेताना तू उलटसुलट करून, चुरगळून बघतोस. आणि हा जीव न बघताच देतोस?" दादांनी हात जोडून नकार दिला. गृहस्थ साखळी खुळखुळवत परत गेले.

दुसरे साहेब मोबाइल पुढे करतच आत आले. बक्षिसं मिळवलेल्या कुत्र्यांचे नुसते फोटोच फोटो. "दोन पायांवर चालवून दाखवतो!"

"अहो, ती चार पायांवरच बरी आहे," वहिनी म्हणाल्या. "दारात भुंकते, तेवढं थांबवा म्हणजे झालं." ते आपोआप होईल, असं साहेब म्हणाले. गुंडीचं नावसुद्धा विचारलं नाही त्यांनी.

तिसऱ्या ताईंनी मला हातच लावला नाही. खालून फोन केला, हळूच आत आल्या आणि जमिनीवर बसल्या. गुंडीने त्यांना मनसोक्त हुंगलं. मग ताई चिमीला म्हणाल्या, "आता बाहेर जा आणि बेल वाजव."

मी बोलले, "टिंग-टाँग!" गुंडी भुंकली. "गप्प!" दादा ओरडले. "गुंडीऽऽ!" आतून वहिनी. "चूप, चूप!" म्हणत आजोबांनी काठी आपटली. आणि सगळेच दाराकडे धावले.

ताईंना हसू आवरेना. "अहो, बेल वाजली की सगळ्यांनी मिळून भुंकायचं, असं वाटतंय हिला. बिचारी घराची रीत पाळते!"

मग काय, सगळेच खो-खो हसत सुटले. दादांनी डोळे पुसत विचारलं, "आठ दिवसांत होईल?"

"तसं वचन मी देत नाही. शिकवणी तुमच्यासमोर होईल, आणि निम्मी तुमचीच होईल. आधी माझ्या वर्गावर या. तिथली कुत्री मला बघून काय करतात ते बघा, मग ठरवा."

सगळे जाऊन आले. "शेपट्या नुसत्या गरगर फिरत होत्या!" चिमी उड्या मारत सांगत होती. ताई पक्क्या झाल्या.

मित्रांनो, तेव्हाइतकी मी कधीच वाजले नसेन. मी 'टिंग-टाँग' म्हणायचं, घराने तोंड मिटून बसायचं, गुंडी चटईवर बसली की तिला खाऊ. गुंडी लवकर शिकली. आजोबांना वेळ लागला.

महिना सरत आला तेव्हा एक बाई खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन आल्या. मी जपूनच बोलले. गुंडी उठली, चटईवर जाऊन बसली आणि शेपटीने जमीन झाडू लागली. घरात चिडीचूप. दादा, वहिनी, आजोबा, चिमी सगळे तिच्याकडे बघतच राहिले. दार उघडायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही!

बाईंनी पुन्हा बटण दाबलं. "कोणी आहे का घरात?"

"आहोत, आहोत!" दादा हसत उठले. त्यांनी गुंडीला एका हाताने जवळ घेतलं आणि दार उघडलं. "या ना. सगळे आहोत."

मित्रांनो, आपला मुका जीव कोणाच्या हाती सोपवायचा असेल, तर आधी त्या जीवालाच विचारा. त्याची शेपटी खरं सांगते. आणि 'बघायला येऊ नका' म्हणणारं कोणी आलं, तर मी कितीही गोड वाजले तरी दार उघडू नका.