बेटावर न्यायचे पाणी

"बुडबुडे थांबू द्या हो, भटजी! घाई करू नका. याला फार लांब जायचंय."

इतकी वर्षे झाली, तरी तो आवाज माझ्या पोटात अजून घुमतो. रिकाम्या भांड्यात आवाज घुमतो हे तुम्ही ऐकले असेल. भरल्या भांड्यातही घुमतो, फक्त बाहेर कुणाला कळत नाही.

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे. गोल पोट, आखूड मान आणि तोंडावर कथलाने झाळून घट्ट बसवलेले झाकण. काशीच्या एका बोळात तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. ऊन पडले की त्या माशाच्या खवल्यांसारख्या चमकतात. माझ्याबरोबरच त्याने माझा एक जुळा भाऊ घडवला. आम्हा दोघांना नागपूरच्या मनोरमाबाईंनी घेतले. त्यांना सगळे माई म्हणत.

माईंनी आम्हाला गंगेत स्वतः उभे राहून भरून घेतले; भटजींना बुडबुड्यांसाठी थांबवणारा तो आवाज त्यांचाच. एक गडू घरच्या मावंद्यासाठी, यात्रेहून परतल्यावर जे जेवण घालतात त्यासाठी. दुसरा रामेश्वरासाठी. काशीची गंगा रामेश्वराच्या पिंडीवर घातली म्हणजे यात्रा पुरी होते, असे आपल्याकडे मानतात. रामेश्वर पार दक्षिणेला, एका बेटावर. चारी अंगांनी समुद्र, नारळाची बने, पांढरी वाळू, आणि त्या बेटावर नेणारी आगगाडी चक्क पाण्यावरून जाते. माईंनी हे सारे ऐकलेले होते, पाहिलेले काहीच नव्हते.

मावंद्याच्या दिवशी माझ्या भावाचे तोंड उघडले. आल्यागेल्याला तीर्थ मिळाले. त्यानंतर तो साधा गडू झाला. ताक प्याला, दूध प्याला, पोरांच्या हातून पडला, पोचे आले त्याला. मी मात्र देव्हाऱ्याशेजारी बसलो. येणारा मला हात लावून नमस्कार करी. मला वाटे, आपले नशीब थोर. आता वाटते, त्याचेच बरे होते. माझ्यातले पाणी कुणाच्या ओठी लागत नव्हते.

माई जात्यावर बसल्या की माझ्याकडे पाहत आणि गळ्यातल्या गळ्यात म्हणत,

"काशीचं गं पाणी, तांब्याच्या पोटी निजलं,
रामेश्वराच्या वाटेला, मन त्याचं गं भिजलं."

पण वाट काही निघेना. आधी लढाई आली, गाड्या सैन्याला लागल्या. मग सुनेचे येणे झाले, मग माईंचे गुडघे गेले. एकदा त्यांनी मुलाला जवळ बसवून सांगितले, "अच्युत, माझं काही आता जाणं होत नाही. मी मरताना याचा थेंबसुद्धा माझ्या तोंडात घालू नका. मी नाही पोचले तर नाही, हे पाणी पोचलं पाहिजे." अच्युतरावांचे डोळे भरून आले. सचिवालयात कारकून होते ते. दुसऱ्या दिवशी टेबलाटेबलावर त्यांनी आईचा तो शब्द सांगितला.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते. उन्हाळा होता. माईंचा श्वास लागला आणि अच्युतराव डॉक्टरांना आणायला धावले. घरात माई आणि सून सुमित्रा, दोघीच. सुमित्रा आतून आली. तिने मला उचलून स्वयंपाकघरात नेले आणि खलातला बत्ता माझ्या झाकणाच्या कडेवर मारला. कथील तडकले. कितीतरी वर्षांनी मला वारा लागला. तिने पळी भरली आणि माईंच्या खोलीत गेली.

मी समजलो. शेवटच्या घटकेला गंगा तोंडात घालतात. सुनेला राहवले नसेल. पण एका पळीने भागते ना? ती परत आली. पळी भरून गेली. पुन्हा आली. पुन्हा भरून गेली. भिंतीपलीकडून मला काही ऐकू आले नाही. ती परत परत का आली, हे कोडे मी तेव्हापासून पोटात घेऊन बसलो आहे.

डॉक्टर आले तेव्हा माई गेलेल्या होत्या. तोवर सुमित्राने माझे झाकण बसवून मला फडक्यात गुंडाळून ठेवले होते. मागाहून तिने परसातल्या विहिरीचे पाणी घालून मला काठोकाठ भरले आणि तांबटाकडून तोंड झाळून घेतले. कुणाला कळले नाही. अच्युतराव माझ्यावर फूल ठेवून दरवर्षी माईंच्या श्राद्धाला सांगत, "घशाला कोरड पडली होती हो तिच्या, पण गडूकडं बघितलं नाही." सुमित्रा तेव्हा नेमकी उठून पानांत मीठ वाढायला जाई.

मग देशाचे नकाशे नव्याने आखले गेले. राजधानी नागपुराहून भोपाळला आली आणि तिच्या मागोमाग कपाटे, टेबले, कारकून, त्यांची बायकापोरे, पाटेवरवंटे, सगळे आले. मी सुमित्राच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आलो. इथे देव्हारा नव्हता. लोणच्याच्या बरणीशेजारी फळीवर मला जागा मिळाली. अंगावर हिरवट डाग चढले. खरे सांगू, मी थकलो होतो. भरून ठेवलेल्या भांड्याचा थकवा निराळा असतो. ओझे उतरतच नाही.

भोपाळातल्या तिसऱ्या हिवाळ्यात अच्युतरावांची रजा मंजूर झाली. थोडीच, पण झाली. शेजारच्या क्वार्टरमधले नरहरपंत फार वर्षांपूर्वी वडिलांबरोबर रामेश्वरला जाऊन आले होते. तेही नागपूरचेच. संध्याकाळी खाटेवर बेत सुरू झाला.

"ऐका जी, अच्युतराव," नरहरपंत म्हणाले, "इथून मद्रासपर्यंत गाडी सरळ. वाटेत नागपूर लागते, तिथं फलाटावर संत्री घ्या आणि डोळे पुसून घ्या. मद्रासला दुसऱ्या स्टेशनावर जायचं. मग पांबनला गाडी बदलायची, की आलं बेट. आणि मद्रासनंतर तुमची मराठी, हिंदी, दोन्ही ट्रंकेत ठेवा."

"मग बोलायचं कसं?"

"हातांनी! मी ताक मागायला असं घुसळून दाखवलं, तर त्या बुवानं मला धरून विहिरीवर नेलं. त्याला वाटलं, मला रहाट ओढायचा आहे."

वंदना, अच्युतरावांची मुलगी, खो खो हसली. भोपाळच्या शाळेत जाऊन तिची मराठी अर्धी हिंदी झाली होती. "काका, समुद्र बडे तालाबहून मोठा असतो?"

"अरे बाप्पा! तुझा तलाव त्याच्या एका दाढेला पुरायचा नाही."

"आणि चारों तरफ खारं पाणी, तर मग लोक पितात काय?"

"तीच तर गंमत, पोरी. देवळातच विहिरी आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीचं पाणी गोड."

आत सुमित्रा कणीक मळत होती. तिचा हात परातीत थांबलेला मी पाहिला.

बेत रंगत गेला. पातळ कपडे किती, पोळ्या कुठवर पुरतील, मुक्काम धर्मशाळेत की पंड्याकडे. इन मीन तीन दिवस बेटावर मिळणार. एक देवळाचा, एक धनुष्कोडीच्या समुद्रस्नानाचा, एक नुसते पाय भिजवत हिंडायचा, हा तिसरा वंदनाने भांडून मिळवला. फक्त सुमित्रा रोज नवी खुसपटे काढू लागली.

"वंदनाची परीक्षा आहे."

"मार्चमध्ये. आपण परत आलेले असू."

"तिकडं सगळं खोबरेलात शिजवतात म्हणे."

"दशम्या नेऊ."

"अहो, पण गाडी समुद्रावरून जाते. पूल मोडला तर?"

अच्युतराव हसले. "अगं, इंग्रज गेले, राजधानी गेली, आपण गाव सोडून इथं आलो. तो पूल तेवढा जागच्या जागी आहे."

सुमित्राने समुद्र कधी पाहिला नव्हता. दुपारी घरात कुणी नसले की ती मला फळीवरून काढी, कानाशी धरून हळूच हलवी. आत पाणी हिंदकळे. ती डोळे मिटून ऐके. जायचे तिच्याइतके कुणालाच नव्हते, मित्रांनो. पण माईंचे म्हणून जे पिंडीवर घालायचे, ते निम्मे परसातल्या विहिरीचे होते. ते तिच्या देखत, माईंचे नाव घेऊन, नवरा भाविकपणे घालणार होता. आणि खरे सांगावे, तर त्याची आई त्याच्या मनातून उतरणार होती.

शेवटी अच्युतराव चिडले. "तुला यायचंच नाही, असं सरळ सांग ना! माझ्या आईनं मरताना तहान सोसली या पाण्यासाठी. तुला चार दिवस चूल सोडवत नाही."

तिने चिंच भिजत घातली आणि मला घासायला बसली. घासून घासून तिने मला नव्यासारखे लाल केले. तिची बोटे चिंचेने पांढरी पडली, तरी घासतच होती.

तिकिटे आली. होल्डॉल बाहेर निघाला. आळीतली मंडळी मला नमस्कार करून गेली. "तिथले पुजारी झाळण पाहतात म्हणे," कुणी म्हणाले. "पाहू देत," अच्युतराव म्हणाले, "माईंच्या गडूचं तोंड काशीला बंद झालं, ते रामेश्वरालाच उघडायचं."

निघायच्या आदल्या दुपारी नरहरपंत आले. पायांत चप्पल नव्हती. दारातच उभे राहिले.

"आत या ना," अच्युतराव म्हणाले.

"नाही, बसत नाही." त्यांच्या तोंडची एरवीची थट्टा पार पळाली होती. "आईचं काही खरं नाही, अच्युतराव. सकाळपासून गंगा, गंगा म्हणते आहे. आमचा गडू वडिलांच्या वेळीच फोडला. इथं नव्या गावात कुणाकडं मागू? तुमच्याकडं… एक पळी मिळाली असती तर…"

अच्युतराव खाली पाहू लागले. सिंधूआजी, नरहरपंतांच्या आई, वंदनाला रोज मांडीवर घेऊन गोष्टी सांगत. मग अच्युतराव हळूच म्हणाले, "नरहरपंत, मागायला नको होतं हो तुम्ही. तुम्हाला नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं. पण माझ्या आईनं स्वतःच्या तोंडात घालू दिलं नाही. मी कसं फोडू?"

"खरं आहे," नरहरपंत म्हणाले. "माईंची गोष्टच वेगळी होती. बरं, येतो मी."

ते गेले. ते त्यांच्या अंगणापर्यंत पोचलेही नसतील, तोच सुमित्रा उठली. तिने मला फळीवरून काढले, पाटावर ठेवले आणि खलातला बत्ता हातात घेतला.

"अगं, काय करतेस?"

मित्रांनो, मी जुने भांडे, थकलेला, माझ्या बोलण्याला काय वजन! पण तुमच्या घरी असा एखादा गडू असेल तर त्याला जपा, चिंच लावून घासा, पोचे येऊ देऊ नका. फक्त त्याला बंद करून ठेवू नका. आणि घरात कुणी पाणी मागितले, तर ते कुणासाठी राखलेले आहे हे मागाहून पाहा. मला कुणी हे आधी शिकवले असते, तर मी इतकी वर्षे स्वतःला थोर समजून फळीवर बसलो नसतो.

बत्ता कडेवर बसला. कथील तडकले. पुन्हा वारा लागला.

अच्युतरावांनी तिचे मनगट धरले. तिने ते सोडवून घेतले नाही. त्यांच्याकडे पाहत राहिली फक्त.

"ही झाळण काशीची नाही," ती म्हणाली. "मी करून घेतलेली आहे. यात निम्मं आपल्या विहिरीचं पाणी आहे. निम्मं गंगेचं आहे अजून, ते मी सिंधूआजींना नेऊन देणार. बेटावर रिकामा गडू नेऊ. तिथल्या विहिरी गोड आहेत म्हणतात, तिथून भरून आणू."

"आणि आईचं…?" अच्युतरावांचा हात सैल पडला. "तू आईच्या तोंडात घातलंस? तिनं बजावलं असताना?"

"मी घातलं नाही. त्यांनी मागितलं."

"आई मागणार नाही."

"तुम्ही डॉक्टरांकडं गेला होता. माईंनी मला खुणेनं बोलावलं. म्हणाल्या, 'सुमित्रा, राहू दे ते रामेश्वर. मला दे.' आणि शपथ घातली, अच्युतला सांगू नकोस, तो साऱ्या गावाला सांगत सुटलाय, त्याला खाली बघावं लागेल." सुमित्राने पळी माझ्यात बुडवली. "मी एक पळी दिली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं सगळं. तर डोळे उघडून हसल्या हो, वंदना हसते ना, तशा. म्हणाल्या, 'गोड आहे गं. अजून दे.'"