निळा गेंडा

"बाबा, तुम्ही आमच्याशी मुद्दाम हरता का?"

विचारलं बाई एकदाचं! शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवर पैज लागली होती, आणि पैजेला मी नाही म्हणत नाही. आमची बस बाबाच चालवतात. फोनवरच्या पत्त्यांच्या खेळात हेच बाबा ‘हॉर्न’ नाव घेऊन आम्हा सगळ्या पोरींना धूळ चारायचे. मग खेळात नवा फॉरमॅट आला. चित्रं तीच, पण प्रत्येक पत्त्याची ताकद बदललेली. पत्त्यांचे जुने डेक कुचकामी, सगळ्यांनी नव्याने जुळवायचे. मी असा झकास डेक जुळवला की माझी मैत्रीण चष्मिष रडायलाच आली! आणि हॉर्न? चष्मिषच्या चिमुरड्या बहिणीकडूनसुद्धा हरला.

"मुद्दाम कशाला हरू?" बाबा हसले. "माझा कॅट एकदम पक्का आहे. तुम्हीच बेरकी झालात."

डेकला ते अजून कॅटच म्हणतात.

"दाखवा बघू तुमचा पक्का कॅट."

त्यांनी फोन तिरका धरला आणि मान वळवून कोंबडीसारखं एका डोळ्याने बघायला लागले. मी खुदकन हसले. डेक मात्र जुनाच होता, जसाच्या तसा. सगळ्यात पुढे निळा गेंडा.

"अहो बाबा, गेंडा कशाला? त्याची ताकद आता तीन झालीय!"

"आठ आहे."

"खाली लिहिलंय ना. वाचा की!"

"वाचलंय. आठ."

आकडा चांगला हरभऱ्याएवढा होता. ते चिडवत असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चिडवत नव्हते.

"अगं, सोड त्यांना. दमलेत ते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. जरा जास्तच घाईने.

मी अंगठ्याने गेंड्याचं चित्र झाकलं. आकडा तेवढा उघडा ठेवला.

"आता सांगा, किती?"

बाबांनी फोन आणखी तिरका केला. आतली भांडी वाजायची थांबली.

"अंगठा काढ," ते हळूच म्हणाले. "चित्र दिसू दे."

मी अंगठा काढला.

बसमध्ये चढताना प्रत्येकाने ओरडून हजेरी द्यायची, हा बाबांचा नवा नियम. आम्हाला कोण गंमत वाटायची! परवा बस फुटपाथवर चढली, तेव्हा अख्खी बस किंचाळली होती, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या. चष्मिषची बहीण रोज पुढच्याच सीटवर बसते. बाबांना गाणी म्हणून दाखवते.

"मधोमध जरा धूसर दिसतं, एवढंच," बाबा म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. आणि रस्ता पाठ आहे मला. डोळे मिटून चालवीन."

एरवी या वाक्यावर आम्ही हसलो असतो.

"गेंडापण पाठ होता, बाबा."

आई दारात येऊन उभी राहिली. हात ओले, पुसायचं विसरलेली. "सुट्टी लागली की दाखवायचंय डॉक्टरांना. ठरलंय आमचं. तू कुठे बोलू नकोस हं, बाळा. नोकरी आहे त्यांची."

म्हणजे आईला माहीत होतं! रोज सकाळी ती डबा देते, दारातून हात हलवते आणि मला त्याच बसमध्ये पाठवते.

"एकदाही कुणाला खरचटलं नाही माझ्या हातून," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं."

"ते जुन्या फॉरमॅटमध्ये," मी म्हणाले.

टेबलावर बसची किल्ली होती. बाबांनी हात पुढे केला. हात आधी पाण्याच्या पेल्याला लागला, मग किल्लीला. रोजच्यासारखी त्यांनी ती रुमालाने पुसली. कितीतरी वेळ पुसत राहिले.

मला पळून जावंसं वाटत होतं. मी उभी राहिले.

"उद्या मी बसमध्ये बसणार नाही. दुसऱ्या कुणालाही बसू देणार नाही. सकाळी शाळेत फोन करायचा, बाबा. तुम्ही नाही केलात, तर मी बससमोर येऊन उभी राहीन. आणि हजेरी देणार नाही."