दहा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं. मीच ठेवते. सगळ्यांना माहीत आहे, पण ते बोलून दाखवायची मुभा कुणाला नाही. म्हणून तर जुळे सोलापुरातल्या ह्या फ्लॅटमधून माझ्या लेकाची, दिपकची, ऑफिसची वेळ कधी चुकली नाही.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर नातीनं, सृष्टीनं, टीव्हीवर पिक्चर लावला. म्हणाली, "आज्जी, ह्यात तिथलं एक मिनिट म्हणजे आपलं एक मिनिट. अडीचला सुरू, चारला शेवट. मधलं काहीच गाळलेलं नाही."

"म्हंजे त्येंनी चहा ठेवला तर उकळंस्तवर बघत बसायचं?"

"तू बघ तरी."

मी सुपात शेंगा घेऊन फोडत बसले. गोष्ट साधी होती. दवाखान्यातली एक नर्स. तिचा नवरा कुणीतरी उचलून नेलेला. फोनवर एक माणूस सांगतो, चारच्या आत अमक्या खोलीतल्या पेशंटला ही सुई टोच, नाहीतर नवरा मेला समज. ती बिचारी ट्रे घेऊन ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर.

माझी सून वैष्णवी टीव्हीपुढं बसली होती, पण तिचं ध्यान घड्याळाकडं. तिलाही चारच्या आत फोन करायचा होता, माझ्या लेकीला.

विषय करकंबच्या जमिनीचा. मालक गेल्यावर सातबाऱ्यावर दिपकच्या जोडीला लेकीचं, प्रतिक्षाचंही नाव लागलं. आमच्यात लेकी हक्क सोडतात. सही करायची, साडी-चोळी घ्यायची, माहेर राखायचं. प्रतिक्षा मला तोंडावर नाही म्हणाली होती. पण वैष्णवीला ती नाही म्हणणार नाही. सृष्टीच्या वेळी वीस दिवस दवाखान्यात वैष्णवीच्या उशाशी तीच होती. म्हणून मी सुनेला सांगितलं होतं, उद्या सहीला या म्हणून तू फोन कर. सही झाली तर गुरुवारी भावाच्या लग्नाला जा, नाहीतर घरात बस.

"ह्या नर्सनं पोलिसांना सांगायला पाहिजे होतं," दिपक गादीवर लोळत म्हणाला.

"पप्पा, फोनवाला कॅमेऱ्यातनं बघतोय तिला. तुम्ही मध्येच घोरता आणि मग शहाणपणा सांगता."

"नवऱ्याचा फोटो बघितला की मी," मी म्हणाले. "एवढं पळावं असा काय दिसत न्हाय."

दिपकनं पाय आवरून घेतले.

"मला विचाराल तर सुई तिची, पाप तिचं. कुणी सांगितलं म्हणून हात उचलायचा व्हय?"

वैष्णवी माझ्यापुढं फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "आत्या, त्या फोनवाल्याचं तोंड अजून एकदाबी दाखवलं न्हाय. पेशंटला मरताना दिसंल ते हिचंच तोंड."

शेंग माझ्या बोटांत तशीच राहिली.

मीही सही दिलेली आहे, माझ्या भावांना. अंगठा नाही, सही. दुसरीपर्यंत शिकले ते तेवढ्याच कामाला आलं. मागायला भाऊ आले नव्हते. भावजय आली होती, नागूबाई. माझ्या चुलीपुढं बसून, खाली मान घालून तिनं विचारलं. भावांना मी आजही भाऊबीजेला ओवाळते. नागूबाईशी तीस वर्षं बोलले नाही. गेल्या साली ती वारली तेव्हा मातीलाही उशिरा पोचले. तिला कुणी पाठवलं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

घड्याळात चार वाजले. वैष्णवी उठली, ओढणीला हात पुसले, मोबाईल घेतला. टीव्हीतली नर्स त्या खोलीच्या दारापर्यंत आली होती.

"खाली बस," मी म्हणाले. "चार कुटं वाजलेत? अजून दहा मिनिटं हायत."

दिपक उठून बसला. सृष्टीनं टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"पण आत्या, ताई चारला दुकानात जातात, मग उचलत न्हाईत."

"मग लाव आत्ताच, आन् दे हिकडं."

प्रतिक्षानं लगेच उचलला. "बोल वैष्णवी."

"मी हाय."

"आई? हिच्या फोनवरनं?"

"सहीचं बोलायचंय. सही मला पायजे. वैष्णवीला न्हाय, मला. उद्या येतीस का?"

तिच्या मागून पंढरपूरच्या रस्त्याचे हॉर्न ऐकू येत होते. "न्हाई आई. एकदा सांगितलंय की तुला."

"बरं."

"चिडलीस?"

"चिडले की. मग काय ओवाळू तुला?"

"जेवलीस का?"

"जेवले," म्हणाले आणि फोन सुनेच्या हातात दिला.

दिपक म्हणाला, "आई, उद्याची रजिस्टरच्या ऑफिसातली वेळ घेतलीय मी."

"मग जा आन् बसून ये. पंखा हाय तितं."

वैष्णवी तशीच उभी. "सही तर झाली न्हाय," एवढंच म्हणाली. पुढचं विचारायची तिची छाती झाली नाही.

"मला ऐकू येतंय अजून. बुधवारी हळद हाय न्हवं भावाची? गुरुवारी जाऊन काय नुसती पंगतीला बसतीस? बुधवारी सकाळचीच एसटी धर."

ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं.

ह्या सगळ्यात पिक्चर संपून गेला. नर्सनं शेवटी काय केलं ते सृष्टी हात नाचवत सांगायला लागली. मी तिला थांबवलं.

"त्या फोनवाल्याचं तोंड दाखवलं का?"

"दाखवलं. अगदी शेवटी. साधाच होता गं, आज्जी. कुणाच्यापण घरातला वाटावा असा."

"मग त्येला आधीच म्होरं आणायचा की," मी म्हणाले आणि शेंगांचं सूप परत पुढ्यात ओढलं. "उगं दीड तास त्या बाईला पळवलं."